बोलले तेवढंच सांगा

हे लिहिण्याआधी मी शांताबाईंना विचारलं. हे वाक्य पहिलं लिहिते, कारण एकदा न विचारता बोलून बसले होते आणि त्याचंच हे पुराण आहे. त्यांनी सगळं वाचलं, चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, 'बिचारी' हा शब्द दोनदा खोडला आणि कागद परत दिले. त्यांच्या नातीला, सुरुचीला, देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तिला आजीनंच वाचून दाखवलं. तिची एकच अट होती. ती रडली असं कुठे लिहायचं नाही. तर ते लिहिलेलं नाही.

शांताबाई सत्तर वर्षांच्या आहेत. परभणीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं शिकवलं. नवरा गेल्यावर मुलानं, सागरनं, त्यांना इकडे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला आणलं. रोटोटुना भागात आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून त्यांचं घर आहे. बुटक्या, काटक, कॉटनच्या साडीवर सागरचं जुनं जाड जॅकेट आणि पायात पोरांसारखे बूट. रोज दुपारी पावणेतीनला शाळेच्या फाटकाशी उभ्या. घंटा झाली की बाहेर पडणारं प्रत्येक पोर त्या मनात मोजत असणार असं मला वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मोजत नाही हो. बूट बघते. ज्याचा बूट फाटला त्याचं घरी काहीतरी बिनसलंय."

मराठी मंडळात त्या पहिल्यांदा आल्या त्या तिळगुळाच्या कार्यक्रमाला. आमच्याकडे नवीन माणूस आलं की दोन मिनिटांत त्याचं आडनाव, गाव, माहेरचं आडनाव हे सगळं काढून घेतलं जातं. प्रेमानं, हसत हसत, हातावर तिळगूळ ठेवता ठेवता. कशासाठी विचारतो हे आपल्याला माहीत असतं आणि आपण विचारत नाही असंही आपल्याला वाटत असतं. शांताबाईंना कोणी आडनाव विचारलं की त्या म्हणायच्या, "मला सगळे बाईच म्हणतात." आणि पुढे सरकायच्या. मला त्याचं फार कौतुक वाटलं. कारण काय असेल याचा विचार मी केला नाही. मी पुण्याची आहे. मला जगातल्या प्रत्येक विषयावर मत असतं, त्यामुळे विचाराला वेळ कमी पडतो.

मी त्या शाळेच्या बोर्डावर पालक-प्रतिनिधी आहे. माझा मुलगा आरव सुरुचीच्याच वर्गात. इथे शाळेचं बोर्ड म्हणजे पालकांनी निवडून दिलेली चार-पाच माणसं, मुख्याध्यापक आणि शिक्षकांचा एक प्रतिनिधी. आम्ही सातजण. गेल्या वर्षी आमच्यापुढे एकच विषय होता, आणि त्यावर गावात दोन तट पडले होते. सातवी-आठवीच्या मुलांना वंशभेदाबद्दल शिकवायचं सहा आठवड्यांचं एक प्रकरण आमच्या शाळेनं तयार केलं होतं. इथल्या वायकाटो भागाची जमीन मूळच्या माओरींकडून लढाई करून कशी काढून घेतली, इथे आलेल्या चिनी आणि भारतीय माणसांना कसं वागवलं, आणि आज शाळेच्या मैदानावर कोण कोणाला काय म्हणतं, असं सगळं त्यात होतं. वेलिंग्टनमध्ये सरकार बदललं की अभ्यासक्रमाची भाषा बदलते, त्यामुळे विरोध करणाऱ्यांना जोर आला होता. हे प्रकरण ठेवायचं की काढायचं, ते ऑगस्टमध्ये पालकांची सभा घेऊन बोर्डानं ठरवायचं होतं. मी अर्थातच ठेवायच्या बाजूची. तीन इकडे, तीन तिकडे, एक काठावर. तो काठावरचा माणूस आपल्याकडे कसा ओढायचा याचा मला ध्यास लागला होता.

बुधवारी सकाळी मी शाळेच्या लायब्ररीत नव्या पुस्तकांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायला जायचे. स्वयंसेवक म्हणून. माझी कव्हरं फुगायची, आत हवेचे फोड राहायचे. शांताबाई यायला लागल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. फूटपट्टीनं प्लॅस्टिक मधून बाहेर दाबत न्यायचं, कोपरा आधी तिरका कापायचा, मग दुमडायचा. तासाला वीस पुस्तकं. जून-जुलैत अशा चार-पाच बुधवारी आमची चांगली गट्टी जमली.

सभेच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारी मी त्या प्रकरणाचा मसुदा बरोबर नेला होता. शांताबाई म्हणाल्या, "दाखवा बरं." इंग्रजी त्यांना वाचता येतं, बोलायला संकोच वाटतो. चष्मा नाकावर ओढून त्यांनी सगळी पानं वाचली. मधेच मान हलवली, एका नकाशावर बोट ठेवून 'छान' म्हणाल्या. शेवटच्या पानावर थांबल्या. तिथे लिहिलं होतं, तुमची गोष्ट सांगा : तुमच्या घरात कोणाला जन्मामुळे वेगळं वागवलं गेलं आहे का? वर्गासमोर येऊन सांगा.

"हे पान चुकलंय," त्या म्हणाल्या.

"का हो?"

मग त्यांनी सांगितलं. हातातलं काम न थांबवता, आवाज न बदलता.

त्या पाचवीत होत्या. गावात नवे गुरुजी आले होते, पंचविशीचे, मनानं फार चांगले, "तुमच्या पुण्याकडचे." अस्पृश्यतेवरचा धडा होता. गुरुजी म्हणाले, "शांता, इकडे ये. मुलांनो, हिच्यात आणि तुमच्यात काय फरक आहे, सांगा पाहू." कोणी बोलेना. मग गुरुजींनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि प्रत्येकाला शांताच्या हातून पाणी प्यायला सांगितलं. चौतीस पोरं. दोघं प्याली. कुसुम नावाची मुलगी तिसऱ्या रांगेत होती. ओढ्यापलीकडं ती आणि शांता रोज बोरं गोळा करायच्या, एकमेकींच्या ओच्यातून खायच्या, आणि घरी यायच्या आधी तोंड धुवायच्या. कुसुमनं तांब्याकडे बघितलं, सगळ्या वर्गाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"तोवर चोरून का होईना, ती माझी होती," शांताबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीपासून ओढ्यावर आली नाही. गुरुजींची दिवाळीआधी बदली झाली. ते गेले, मी राहिले तिथंच."

माझे डोळे भरून आले. त्यांचे नाही. त्या पुढेही काहीतरी म्हणत होत्या, शिकवताना पोराला कसं वापरू नये याबद्दल, तेहतीस वर्षांत आपण काय पाळलं याबद्दल. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. एका शिक्षिकेनं दुसऱ्याच्या पाठातली चूक दाखवावी तशी ती गोष्ट त्यांनी मला दाखवली होती. माझ्या डोक्यात मात्र एकच घंटा वाजत होती. ही गोष्ट ऐकल्यावर त्या काठावरच्या माणसाची काय बिशाद विरोधात मत देण्याची!

उठताना त्या म्हणाल्या, "सुरुचीला यातलं काही माहीत नाही बरं का. सागरला नको आहे. तो म्हणतो, इथं आलो ते कशाला मग?"

"छे छे, मी कशाला बोलेन," मी म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं.

शुक्रवारी मुलांना सोडताना वर्गशिक्षिका मिस हार्पर भेटल्या. तरुण, उत्साही, प्रकरण काढून टाकतील या काळजीनं वाळलेल्या. आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी नाव घेतलं नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण 'वर्गातल्या एका मुलीची आजी, भारतात शिक्षिका होत्या, अनटचेबल म्हणून वाढल्या' एवढं सांगितल्यावर नाव घ्यायचं शिल्लक काय राहतं? मी म्हणाले, त्या बोलल्या तर सभेत कोणाची छाती होणार नाही विरोध करायची. मिस हार्परनी माझा हात हातात धरला. दोघी भल्या बायका, आणि आमच्या भलेपणाला त्या क्षणी काही सीमा नव्हती.

सोमवारी जेवताना आरवनं विचारलं, "मम, व्हॉट्स अनटचेबल?"

मी विचारलं, "का रे?"

"मिस हार्पर म्हणाली सुरुचीला, युअर नॅना हॅज अॅन अमेझिंग स्टोरी, शी वॉज अॅन अनटचेबल, तू सांगशील का क्लासला? सगळे टर्न होऊन बघायला लागले. सुरुची वॉज लाइक, व्हॉट? मग एक इंडियन मुलगा म्हणाला, माय ग्रॅन सेज यू कान्ट ईट विथ देम. ही वॉज जोकिंग. आय थिंक." आणि मग, पोळीचा तुकडा मोडत, "मम, आपण काय आहोत?"

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण लग्नाला अठरा वर्षं झाली आहेत. "तू?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुरुची शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी लायब्ररीत मी एकटीच होते. दुपारी चार वाजता मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. दार सागरनं उघडलं. तो कामावरून लवकर आला होता.

"आई झोपलीय," तो म्हणाला. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"सागर, माझी चूक झाली. मला फक्त..."

"मुग्धाताई, बारा वर्षं मी इथं नुसता सागर होतो. कामावर, क्रिकेटमध्ये, तुमच्या मंडळात. मला वाटायचं, माझ्या पोरीला तो शब्दसुद्धा माहीत नसेल. एवढंच कमावलं होतं मी. दोन दिवस ती आजीच्या ताटाकडं बघत बसते, आणि मला विचारते, डॅड, इज इट स्टिल ट्रू?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सभेला येणार आहे मी. ते प्रकरण बंद करा म्हणून सांगणार आहे."

दार लागलं. परत येताना मला स्वतःची भयंकर चीड आली, आणि खरं सांगायचं तर त्या चिडीतसुद्धा थोडा वेळ मी मतं मोजत होते.

सुरुची गुरुवारीही आली नाही. मिस हार्परना मी सगळं सांगितलं. त्यांनी मसुदा उघडला आणि शेवटचं पान पुन्हा वाचायला घेतलं.

सभा शुक्रवारी संध्याकाळी सहाला शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर बोचरी थंडी, आत शंभरेक माणसं. माझं भाषण लिहून तयार होतं, ते मी पर्समधून काढलंच नाही. एक गोरा बाप उठला. सज्जन माणूस, शनिवारी पोरांना फुटबॉल शिकवतो. म्हणाला, "माझी मुलगी घरी येऊन विचारते, डॅड, आपण वाईट आहोत का? मी तिला काय सांगू?" एक माओरी आजी बसूनच म्हणाली, "माझी नात विचारते, आपलं घर नदीकाठी का नाही? मी काय सांगू?" आमच्या मराठी मंडळातला एकजण उठून म्हणाला, गणित कच्चं आहे पोरांचं, ते बघा आधी. त्यावर टाळ्या पडल्या.

मग सागर उठला. त्यानं काही कारण दिलं नाही. "माझी मुलगी या वर्गात आहे. हे प्रकरण बंद करा. प्लीज," एवढंच इंग्रजीत बोलला आणि बसला. तो काठावरचा माणूस वहीत काहीतरी लिहीत होता.

त्या वेळी हॉलच्या मधल्या रांगेत शांताबाई उठल्या. सुरुची त्यांच्या शेजारी होती, हूड कपाळापर्यंत ओढलेली. सागरनं आईचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि पुढे आल्या. माइककडे दुर्लक्ष करून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मुग्धाताई, मी मराठीत बोलते. तुम्ही इंग्रजीत सांगा."

एवढ्या माणसांतून त्यांनी मलाच का निवडलं? मी पुढे गेले. 

"मी तेहतीस वर्षं पोरं शिकवली," शांताबाई म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगितलं.

"शिकवू नका म्हणायला मी आले नाही. माझ्या मुलाचं दुःख मला कळतं, पण त्याचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या गावात भेद पाळायला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं, तरी चौतीसच्या चौतीस पोरांना पाठ होतं." मी सांगितलं. 

"पण ज्याला लागलंय, त्यालाच पुढं बोलावून जखम दाखवायला लावू नका. या वर्गात तसंच झालं. माझी गोष्ट कोणीतरी मला न विचारता सांगितली."

मी हे इंग्रजीत सांगितलं. आणि थांबले नाही. म्हणाले की ती व्यक्ती मी आहे, मला किती वाईट वाटतंय, माझा हेतू काय होता, मी कुठल्या घरातून आले, माझ्या आजीनं काय काय पाळलं आणि आज मला त्याची किती लाज वाटते. माझा आवाज भरून आला. पुढच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे मायेनं बघायला लागल्या. एकीनं चक्क टाळी वाजवली.

शांताबाईंना इंग्रजी समजतं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, वर्गात बडबडणाऱ्या पोराला ठेवतात तसा.

"मुग्धाताई," त्या म्हणाल्या, "मी बोलले तेवढंच सांगा."

 शंभर माणसांपुढे, माफी मागतानासुद्धा, मी परत त्यांच्याच गोष्टीत घुसले होते. आता पुढचं वाक्य मला ऐकू आलं, पण इंग्रजीत एक शब्द सुचेना. हॉलमध्ये खुर्च्या वाजायला लागल्या.

सुरुची कधी पुढे आली ते मी पाहिलं नाही. हूड मागे टाकलेली होती. "आय कॅन डू इट," ती म्हणाली. ती मराठीत कधी बोलत नाही, पण समजतं तिला सगळं. मी बाजूला झाले.

"ज्या पोरांनी पाणी प्यायलं नाही त्यांच्याबद्दल शिकवा," शांताबाई म्हणाल्या. पाणी कसलं, ते लोकांना माहीत नव्हतं. सुरुचीनं आजीकडे बघितलं, आजीनं मान हलवली, आणि मग त्या मुलीनं तांब्याची आणि कुसुमची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. म्हणजे या चार दिवसांत आजीनं तिला सगळं सांगितलं होतं.

"ती पोरं वाईट नव्हती. घाबरलेली होती. कोणाला घाबरली, त्यांना ते कोणी शिकवलं, आणि जी दोघं प्याली ती का प्याली, ते शिकवा. त्यात कोणाच्या लेकराला मान खाली घालावी लागत नाही." हे ऐकताना तो फुटबॉलवाला बाप पुढे वाकला होता.

"माझी नात चार दिवस शाळेत आली नाही."

"मी चार दिवस शाळेत आले नाही," सुरुचीनं इंग्रजीत सांगितलं. "सोमवारी येणार आहे."

हे शेवटचं आजी म्हणाली नव्हती. पण शांताबाईंनी तिला अडवलं नाही.

मत पडलं तेव्हा चार विरुद्ध तीन. प्रकरण राहिलं, शेवटचं पान गेलं. मिस हार्परनी ते स्वतः सुचवलं. मी त्या रात्री हात वर केला, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. सागर मत मोजायच्या आधीच बाहेर गेला होता.

गाडीतळावर मी शांताबाईंना गाठलं. सागर काचेवरचं बर्फ खरवडत होता, त्यानं मान वर केली नाही. मी म्हणाले, "बाई, मला माफ करा."

"माझं सोडा हो," त्या म्हणाल्या. "मला सवय आहे. माफी तिची मागा."

सवय आहे, हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. मी सुरुचीकडे वळले. बारा वर्षांची पोर, हात खिशात, नाक थंडीनं लाल झालेलं. मी तिला मराठीत म्हणाले की मी तुझ्या घरातली गोष्ट बाहेर सांगितली, ती सांगायचा मला काहीच हक्क नव्हता, आणि त्याचा त्रास तुला झाला. याच्यापुढे मला पुष्कळ बोलायचं होतं. या वेळी बोलले नाही.

तिनं नीट विचार केला. इथली पोरं कशालाही 'ऑल गुड' म्हणून मोकळी होतात. मी त्याचीच वाट बघत होते.

"नॉट यट, आँटी," ती म्हणाली, आणि आजीसाठी गाडीचं दार उघडून धरलं.